मूत्रपिंड मिळणे आणि टिकणे

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली की माणसापुढे डायलिसिस आणि प्रत्यारोपण अशा दोनच वाटा उरतात, आणि ज्याला यांपैकी एकही परवडत नाही किंवा आवाक्याच्या अंतरावर उपलब्ध नसते, त्याचे आयुष्य काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपते. भारतात या अवस्थेला पोचणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार आहे. २०२३ या वर्षात देशभरात झालेली मूत्रपिंड प्रत्यारोपणे मात्र साडेतेरा हजारांच्या आत होती. यातला प्रत्येक रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य नसतो हे मान्य केले तरी तफावत फार मोठी आहे. ती वर्तमानपत्रांतून वारंवार मांडली जाते आणि मांडली जायलाच हवी. त्या साडेतेरा हजारांपैकी किती जणांचे मूत्रपिंड दहा वर्षांनी काम करत असेल, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पहिला प्रश्न कायदा, अवयवदान आणि प्रतीक्षायादी यांच्याशी जोडला जातो, तर दुसरा औषधे, तपासण्या आणि रुग्णाची शिस्त यांच्याशी. त्यामुळे दोन्हींची चर्चा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळी माणसे करतात. प्रत्यक्षात हा एकच प्रश्न आहे, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

डायलिसिस हे जीव वाचवणारे तंत्र आहे, पण ते मूत्रपिंडाच्या कामाचा एक भागच करू शकते. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड रक्त गाळतात, क्षार आणि पाणी यांचा तोल सांभाळतात, तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवतात आणि हाडांसाठी लागणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाला उपयोगी रूप देतात. डायलिसिसचे यंत्र आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दरखेपेस सुमारे चार तास रक्त शुद्ध करते आणि उरलेल्या वेळात शरीरात साठणाऱ्या विषद्रव्यांचा भार हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना सोसावा लागतो. प्रत्यारोपणामुळे किती फरक पडतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने १९९९ मध्ये दाखवून दिले. सर्वसाधारण डायलिसिस रुग्णांशी तुलना केली असती तर ती अन्यायाची झाली असती, कारण प्रत्यारोपणासाठी मुळात तुलनेने धडधाकट रुग्णच निवडले जातात. म्हणून या अभ्यासात प्रतीक्षायादीवर असलेल्या, म्हणजे शस्त्रक्रियेस योग्य ठरलेल्या रुग्णांचीच आपसात तुलना केली गेली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीवर थांबलेल्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट होता, पण दीर्घ काळाचा हिशेब केला असता तो ६८ टक्क्यांनी कमी भरला.

त्याहून बोलका अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मृत दात्याची दोन मूत्रपिंडे सहसा दोन वेगवेगळ्या रुग्णांना मिळतात. संशोधकांनी अशा जोड्या शोधून काढल्या, ज्यांत एका रुग्णाने प्रत्यारोपणापूर्वी सहा महिन्यांहून कमी काळ डायलिसिस घेतले होते आणि दुसऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ. दाता एकच असल्यामुळे अवयवाचा दर्जा दोन्हीकडे जवळपास सारखा होता. तरीही लवकर प्रत्यारोपण झालेल्या गटात दहा वर्षांनी ६३ टक्के मूत्रपिंडे काम करत होती आणि उशीर झालेल्या गटात अवघी २९ टक्के. रांगेत गेलेली वर्षे पुढे मिळणाऱ्या अवयवाच्या आयुष्यातून वजा होतात, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. रुग्णाला मूत्रपिंड कधी मिळाले यावर ते किती टिकेल हे बऱ्याच अंशी ठरत असेल, तर उपलब्धतेचा आणि परिणामाचा विचार वेगळा करणे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे ठरते.

हा उशीर यादीत नाव नोंदवल्यानंतर सुरू होतो असा समज आहे. खरे तर तो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. मूत्रपिंडाचा जुनाट आजार फारसा त्रास न देता वाढत जातो आणि मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या माणसाची लघवीतील प्रथिनांची आणि रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणीसुद्धा अनेकदा होत नाही. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारे आणि मूत्रपिंडाने गाळून टाकायचे टाकाऊ द्रव्य. ते रक्तात साठू लागले की गाळणी मंदावली आहे असे समजते. अशा रुग्णांपैकी पुष्कळ जण पहिल्यांदा तज्ज्ञापुढे येतात ते धाप लागून, अंगावर सूज घेऊन, थेट अतिदक्षता विभागात. तिथे घाईने मानेतल्या शिरेत नळी घालून डायलिसिस सुरू होते. वेळीच निदान झाले असते तर हाताची धमनी आणि शीर जोडून तयार केला जाणारा, सुरक्षित आणि टिकाऊ फिस्ट्युला आधीच करता आला असता. इतकेच काय, घरातला दाता उपलब्ध असेल तर डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच प्रत्यारोपणही करता आले असते.

या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट तपशिलाने सांगायला हवी, कारण ती टाळता येण्याजोगी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन घसरते. ते वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आणि लोह द्यावे लागते. ती इंजेक्शने महाग पडतात किंवा मिळत नाहीत, म्हणून रक्ताची बाटली चढवली जाते आणि रुग्णाला तात्पुरती तरतरी येते. परंतु परक्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर त्या माणसाची खास ओळख सांगणारी प्रथिने असतात. बहुतेक प्रकारच्या पेशींवर असलेल्या या ओळखखुणांना एचएलए म्हणतात आणि त्यांच्यावरूनच प्रतिकारयंत्रणा आपले आणि परके ओळखते. रक्त वारंवार चढवले गेले की रुग्णाच्या शरीरात अनेक अनोळखी खुणांविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार होतात. पुढे एखादा दाता सापडतो आणि त्याच्या पेशींवर नेमकी तीच खूण निघाली तर ते मूत्रपिंड या रुग्णाला बसवता येत नाही. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी चढवलेल्या बाटलीची किंमत अशी काही वर्षांनी यादीवर मोजावी लागते.

या ओळखखुणांचा अडथळा किती मूलभूत आहे, हे प्रत्यारोपणाच्या इतिहासावरूनच कळते. बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एकसारख्या जुळ्या भावांमध्ये झाली होती आणि ती यशस्वी होण्याचे कारणच ते होते: दोघांच्या पेशींवरील खुणा एकच असल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला परके असे काही आढळलेच नाही. बाकीच्या माणसांसाठी औषधांची वाट पाहावी लागली. १९६०च्या दशकात अॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड यांची जोडी वापरात आली. १९८०च्या दशकात एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन आले. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस सापडले आणि आज बहुतेक रुग्णांची भिस्त याच औषधावर असते. भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयाने १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला होता. पहिले यश १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला मिळाले.

कायदा मात्र बऱ्याच उशिरा आला आणि त्यात महाराष्ट्र व गोवा यांचा वाटा आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा करता यावा म्हणून गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि त्यांच्या आधारे १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. या कायद्याने तीन मोठ्या गोष्टी केल्या: अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली, जिवंतपणी अवयव देण्याचा अधिकार मुख्यत्वे जवळच्या नातेवाइकांपुरता ठेवला आणि मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा माणसाचा मृत्यू म्हणून मान्य केला. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे यांना जवळच्या नातेवाइकांत आणले, परवानाधारक रुग्णालयांना प्रत्यारोपण समन्वयक नेमणे बंधनकारक केले आणि दोन कुटुंबांमधील अदलाबदलीला मान्यता दिली.

मस्तिष्कस्तंभ हा मेंदूच्या तळाशी असलेला, श्वसनाचे नियंत्रण करणारा भाग असतो. रस्त्यावरील अपघातात डोक्याला जबर मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन तो कायमचा बंद पडला, तरी व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत राहते, हृदय काही काळ धडधडते आणि अंग उबदार लागते. म्हणूनच कुटुंबाला मृत्यू पटणे अवघड जाते. कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या कराव्या लागतात. बुबुळांवर उजेड टाकून प्रतिसाद पाहिला जातो, घशाला आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलाला स्पर्श करून प्रतिक्षिप्त क्रिया तपासली जाते, आणि शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देत रुग्ण स्वतःहून एक तरी श्वास घेतो का ते पाहिले जाते. या तपासण्यांनंतर समन्वयक नातेवाइकांशी बोलतो आणि त्यांची लेखी संमती घेतो. ही प्रक्रिया रात्री-अपरात्री, लहान शहरातल्या अतिदक्षता विभागात पार पाडायची तर मंडळावरचे डॉक्टर हाताशी लागतात, पोलिसांची आणि न्यायवैद्यक परवानगी वेळेत मिळावी लागते, आणि बोलणारा माणूस बोलण्यात तयार असावा लागतो. यातला एक दुवा ढिला असला की मृत्यू जाहीर होत नाही, काही तासांत हृदय थांबते आणि दोन मूत्रपिंडे चितेवर जातात.

भारतात मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या २०२३ मध्ये साधारण अकराशे होती. दर दहा लाख लोकसंख्येमागे ते प्रमाण एकाहूनही कमी आहे. स्पेनमध्ये हेच प्रमाण अनेक वर्षे चाळिसाच्या वर आहे. याचे श्रेय बरेचदा तिथल्या ‘संमती गृहीत धरण्याच्या’ कायद्याला दिले जाते आणि आपल्याकडेही तसा कायदा करावा अशी मागणी होते. पण तो कायदा स्पेनमध्ये १९७९ साली झाला आणि त्यानंतरची दहा वर्षे आकडे फारसे हलले नाहीत. ते वाढले १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन डॉ. राफाएल मातेसांझ यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्याच डॉक्टराला समन्वयक म्हणून तयार केल्यानंतर, आणि कुटुंबाची संमती तेथे आजही विचारली जाते. लोकांना दोष देण्याची आपल्याकडे सवय आहे, त्यांच्या श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यावर भाषणे होतात. परंतु अनेक कुटुंबांना तो प्रश्न कोणी विचारतच नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे.

मूत्रपिंड उपलब्ध झाले की ते कोणाला द्यायचे हे महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे ठरवतात. मुंबईचे केंद्र २००० साली सुरू झाले. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील केंद्रे आपापल्या विभागाचे काम पाहतात. दात्याचा मृत्यू झाला त्या रुग्णालयाकडे प्रत्यारोपणाचा परवाना असेल तर एक मूत्रपिंड सामान्यतः तिथल्या यादीतल्या रुग्णाला आणि दुसरे विभागाच्या सामाईक यादीतल्या रुग्णाला जाते. क्रम लावताना रक्तगट, डायलिसिसवर गेलेला काळ, वय, फिस्ट्युला बंद पडून डायलिसिस अवघड झाले आहे का, अशा बाबींना गुण दिले जातात. स्वतः पूर्वी मूत्रपिंड दान केलेल्या माणसाला पुढे गरज पडली तर त्यालाही जादा गुण मिळतात, आणि ते न्याय्यच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यातील रहिवासाची अट, ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणीशुल्क काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले.

नंबर लागला असा फोन येतो तेव्हा तो एकट्याला येत नाही. रक्तगट जुळणाऱ्या यादीतल्या वरच्या काही रुग्णांना एकाच वेळी बोलावले जाते, कारण शेवटची चाचणी अजून बाकी असते: दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून त्या जिवंत राहतात की मरतात हे पाहायचे असते. तिला क्रॉसमॅच म्हणतात. पेशी मेल्या तर त्या दात्याविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात आधीच आहेत असा अर्थ होतो आणि त्याच्यापुरता तो दाता बाद ठरतो. ताप असेल, खोकला असेल, छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग दिसला, तरीही नंबर पुढच्याकडे जातो. शरीराबाहेर बर्फात ठेवलेले मूत्रपिंड साधारण एका दिवसापर्यंत चांगले राहते, आणि जितके तास वाढतात तितकी ते उशिरा काम सुरू करण्याची शक्यता वाढते. म्हणून शहरात रात्रभरात पोचू शकणाऱ्या आणि ऐनवेळी पैशांची तजवीज करू शकणाऱ्या रुग्णाचे पारडे, गुण सारखे असले तरी, जड होते. उमरखेडच्या किंवा अक्कलकुव्याच्या रुग्णाचे नाव यादीत असणे आणि त्याला त्या रात्री मूत्रपिंड मिळणे यांत असे अंतर पडते.

मृत दाते इतके कमी असल्यामुळे भारतातील बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर अवलंबून आहेत, आणि इथे एक असमतोल आहे ज्याकडे डोळेझाक करता येणार नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०१८ ते २०२३ या काळात अवयव देणाऱ्या सुमारे साडेछप्पन हजार जिवंत दात्यांपैकी ३६ हजार स्त्रिया होत्या, आणि ते अवयव मिळालेल्यांत स्त्रिया सुमारे १७ हजार. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते, बहीण भावाला देते. पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली की मात्र घरात चर्चा लांबते आणि कमावता माणूस टेबलावर कसा झोपवायचा हा प्रश्न पुढे येतो. या सामाजिक कारणाला एक जैविक कारणही जोडले जाते. गरोदरपणात स्त्रीच्या रक्ताचा गर्भाच्या पेशींशी संबंध येतो आणि गर्भाच्या निम्म्या ओळखखुणा पित्याकडून आलेल्या असतात. त्यांच्याविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली तर पती देण्यास राजी असूनही, किंवा मुलगा देण्यास पुढे आला तरी, क्रॉसमॅच विरोधात जाते. ज्या बाळंतपणांनी कुटुंब उभे राहिले, तीच तिच्यासाठी दात्याचा शोध कठीण करतात. म्हणून स्त्री रुग्णांच्या नोंदणीकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे ही सवलत ठरत नाही, तो वैद्यकीय न्याय ठरतो. भारताच्या राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने २०२५ मध्ये यादीवरील स्त्री रुग्णांना प्राधान्य देण्याची सूचना केली, ती याच दिशेची आहे.

रक्तगट किंवा क्रॉसमॅच न जुळणाऱ्या जोडप्यांसाठी अदलाबदलीचा मार्ग आहे. एका घरात पतीचा रक्तगट ‘अ’ आणि पत्नीचा ‘ब’ असेल, दुसऱ्या घरात नेमके उलट असेल, तर दोन्ही पत्नी एकमेकींच्या पतींना मूत्रपिंड देऊ शकतात. कोणी शेवटच्या क्षणी माघार घेऊ नये म्हणून सर्व शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी केल्या जातात. अशा जोड्यांचे गणित बसवण्याच्या पद्धतीवर अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ यांनी मोलाचे काम केले असून ते २०१२च्या अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्काराचे मानकरी आहेत. अहमदाबादच्या मूत्रपिंडविकार संस्थेने २०१३च्या जागतिक मूत्रपिंड दिनी एकाच दिवसात अशी दहा प्रत्यारोपणे केली, आणि त्याच वर्षी मुंबईत वेगवेगळ्या रुग्णालयांतील पाच जोड्यांची साखळी जुळवली गेली. हा मार्ग स्वस्त आहे, त्याला जादा औषधे लागत नाहीत आणि परिणाम चांगले मिळतात. तरीही तो तुरळक वापरला जातो, कारण जोड्या जुळायला मोठी यादी लागते आणि रुग्णालये आपापल्या याद्या आपल्याकडेच ठेवतात. रुग्णालयाची यादी राज्याची झाली आणि राज्याची देशाची झाली, की एकही नवा दाता न मिळवता प्रत्यारोपणे वाढू शकतात.

शस्त्रक्रियेच्या खर्चाबाबत महाराष्ट्रात काही पावले पडली आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि ज्या घरांनी हा विचारही केला नसता त्यांना त्याने दार उघडले. प्रत्यारोपणे होतात ती मात्र प्रामुख्याने खासगी रुग्णालयांत आणि मोजक्या शहरांत. सार्वजनिक रुग्णालयांत केंद्रे वाढवणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. त्यासाठी शल्यविशारद एकटा पुरत नाही, चोवीस तास चालणारी प्रयोगशाळा, भूलतज्ज्ञ, समन्वयक आणि मूत्रपिंडविकार तज्ज्ञ असा संपूर्ण संच उभा करावा लागतो.

नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवले जात नाही. ते ओटीपोटाच्या एका बाजूला, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडले जाते आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाला शिवली जाते. जिवंत दात्याचे मूत्रपिंड पुष्कळदा टेबलावरच लघवी तयार करू लागते. आज चांगल्या केंद्रांत पहिल्या वर्षाअखेर दहापैकी नऊहून अधिक मूत्रपिंडे काम करत असतात, आणि यशाची जी आकडेवारी लोकांपुढे येते ती बहुधा इथेच थांबते. अमेरिकेतील अलीकडच्या विश्लेषणानुसार मृत दात्याकडून मिळालेल्या मूत्रपिंडांपैकी निम्मी सुमारे बारा वर्षे आणि जिवंत दात्याकडून मिळालेल्यांपैकी निम्मी सुमारे एकोणीस वर्षे टिकतात. तीस वर्षांच्या रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर पहिले मूत्रपिंड त्याला आयुष्यभर पुरणार नाही हे यातून उघड होते, आणि म्हणून प्रत्येक जादा वर्षाला मोल आहे.

हे वर्ष जोडले जाते किंवा गमावले जाते ते टॅक्रोलिमसच्या पातळीवर. हे औषध रक्तात कमी पडले तर प्रतिकारयंत्रणा मूत्रपिंडावर हल्ला करते. जास्त झाले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते, हात थरथरतात, साखर वाढते. सुरक्षित पट्टा अरुंद असल्यामुळे रक्तातली पातळी मोजत राहावे लागते, आणि ती मोजायची पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी, म्हणजे आदल्या डोसनंतर बारा तासांनी. त्यामुळे तपासणीच्या सकाळी रुग्ण आपली कॅप्सूल न घेता, ती खिशात ठेवून प्रयोगशाळेच्या रांगेत उभा असतो. नमुना दिल्यावर ती गिळतो. रुग्णांच्या बोलण्यात ‘टॅक लेव्हल’ आणि ‘क्रिएटिनिन’ हे दोन शब्द घरच्या माणसांच्या नावांइतके रुळलेले असतात. ही पातळी अनेक साध्या गोष्टींनी ढळते. बुरशीच्या संसर्गासाठी दिलेले फ्लुकोनॅझोल ती वाढवते, जुलाब लागले तरी ती वाढू शकते. दुकानदाराने एका कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल दिली तर ती बदलू शकते, आणि ब्रँड बदलल्यावर पातळी पुन्हा तपासायची असते हे अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत सर्वांत अवघड पेच क्षयरोग निर्माण करतो. या देशात असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की ते उठतात. क्षयावरचे सर्वांत प्रभावी औषध रिफाम्पिसिन यकृतातील विघटनाची यंत्रणा इतकी वेगवान करते की टॅक्रोलिमसची पातळी कोसळते. मात्रा काही पट वाढवावी लागते आणि उपचार संपल्यावर पुन्हा तितकीच काळजीपूर्वक उतरवावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने क्षयाचे निदान अचूक केले, औषधेही नियमाप्रमाणे दिली, पण प्रत्यारोपण केंद्राला कळवले नाही, तर रुग्णाची फुप्फुसे बरी होतील आणि मूत्रपिंड जाईल. पाश्चात्त्य देशांत प्रत्यारोपित रुग्णांचे दीर्घकालीन मृत्यू मुख्यतः हृदयविकार आणि कर्करोग यांनी होतात; भारतात संसर्गाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे तिकडची मार्गदर्शक तत्त्वे जशीच्या तशी उचलून भागत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचे हिपॅटायटिस ब आणि इतर लसीकरण, पाणी उकळून पिणे, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा ठरवताना क्षयाचा आणि बुरशीचा धोका जमेस धरणे, यांना इथे जीवरक्षक उपचारांचा दर्जा द्यावा लागतो.

औषधे मधेच थांबवणाऱ्या रुग्णांविषयी बेजबाबदार हा शब्द सहज वापरला जातो. तो बहुतेक वेळा अन्याय्य असतो. ही औषधे आयुष्यभर घ्यायची असतात आणि त्यांचा खर्च दरमहा हजारो रुपयांचा असतो. पहिली दोन-तीन वर्षे नातेवाईक, गावची वर्गणी, एखादा धर्मादाय न्यास हातभार लावतात, मग मदत आटत जाते. रुग्णाला बरे वाटत असते, म्हणून दोनऐवजी एक कॅप्सूल घेतली जाते आणि महिनाभर काहीच होत नाही. मंदगतीने होणारी ही हानी दुखत नाही. प्रतिपिंडे मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना वर्षभर कुरतडत राहतात आणि क्रिएटिनिन चढते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही ही चूक दीर्घकाळ केली: तिथली मेडिकेअर योजना डायलिसिसचा खर्च अमर्याद काळ देत असे, पण केवळ मूत्रपिंडाच्या आजारामुळे योजनेत आलेल्या रुग्णाच्या प्रतिकारशमन औषधांचा खर्च प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी थांबवत असे, मग मूत्रपिंड निकामी होऊन तोच रुग्ण पुन्हा डायलिसिसवर आला की तोच महागडा खर्च परत सुरू होई. हा नियम बदलणारा कायदा २०२०च्या अखेरीस झाला आणि जानेवारी २०२३ पासून अमलात आला. त्याउलट तमिळनाडूने सार्वजनिक व्यवस्थेतून ही औषधे मोफत देण्याची वाट धरली. साडेचार लाख शस्त्रक्रियेवर खर्च करून औषधांसाठी हात आखडता घेणारी कोणतीही योजना स्वतःचाच पैसा वाया घालवते, हे महाराष्ट्राने लक्षात घ्यायला हवे.

निकामी झालेले मूत्रपिंड रुग्णाला पुन्हा यादीत आणून सोडते, तेही अधिक वाईट स्थितीत. पहिल्या मूत्रपिंडाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे रक्तात राहतात, दुसरा दाता जुळणे कठीण होते, आणि ज्या आईने पहिले दिले तिच्याकडे देण्यासारखे दुसरे नसते. यादीत अशा परत आलेल्यांची भर पडते तितका पहिल्यांदाच आलेल्यांचा वेळ लांबतो. टिकलेले प्रत्येक मूत्रपिंड म्हणजे यादीतून कायमचे वगळलेले एक नाव, आणि म्हणूनच टिकवण्याचे काम हेही उपलब्धता वाढवण्याचेच काम आहे.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार दुर्मीळ नाहीत. टॅक्रोलिमसच्या तपासणीचे रक्त गोठू न देणाऱ्या साध्या नळीत, थंड जागी, काही दिवस व्यवस्थित टिकते. त्यामुळे सिरोंच्याच्या रुग्णाने आदल्या दिवशी निघून नागपुरात मुक्काम करण्याऐवजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी नमुना द्यावा, तो नागपूरला जावा आणि मात्रेतला बदल फोनवरून कळवला जावा, अशी सोय करता येण्यासारखी आहे. जिल्हा रुग्णालयांत जिथे डायलिसिस केंद्रे चालतात, तिथेच आठवड्यातून एक दिवस प्रत्यारोपण झालेल्यांची तपासणी होऊ शकते, आणि औषधाच्या खिडकीवर एकाच कंपनीच्या कॅप्सूल सातत्याने मिळाव्यात अशी खरेदीची अट घालता येते. वर्षाला किती प्रत्यारोपणे झाली हा आकडा जसा जाहीर होतो, तसाच प्रत्येक केंद्रातली किती मूत्रपिंडे एका, पाच आणि दहा वर्षांनी काम करत आहेत हाही जाहीर व्हायला हवा. त्याच नोंदवहीत जिवंत दात्यांनाही जागा द्यावी. एका मूत्रपिंडावर जगणाऱ्या निरोगी माणसाचा धोका अल्प असला तरी त्याचा रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने दरवर्षी तपासली जायला हवीत, आणि दान करून घरी गेलेल्या बाईला कोणी तपासणीला बोलावतच नाही अशी आजची जी सर्रास स्थिती आहे, ती बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी तयार झालेली तिची फाईल चालू ठेवणारा एक कर्मचारी आणि वर्षाला दोन स्वस्त तपासण्या एवढे पुरेसे आहे.